गृहव्यवहार : विजेचें जनित्र केवढें घ्यावें ?

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण खर्चाच्या बाबतींत आपल्याकडे जितकी ऐकूं येते तितकी यंत्रांच्या बाबतींत ऐकूं येत नाहीं. कपडा शिवतांना आपण माप देतों, जोडा घेतांना पाय घालून पाहतों. परंतु हजारों रुपयांचें यंत्र घरीं आणतांना मात्र शेजाऱ्याकडे केवढें आहे हें पाहून त्याहून थोडें मोठें आणावयाचें, नाहीं तर दुकानदार ज्यावर अधिक सूट देईल तें उचलावयाचें, असा आपला परिपाठ दिसतो. गेल्या कार्तिकांत लातुरास जाण्याचा योग आला असतां या परिपाठाचें एक उदाहरण आमच्या दृष्टीस पडलें. आमच्या वाचक कुटुंबांपैकीं ज्यांचीं शेतें गांवाकडे आहेत आणि ज्यांस तेथें चार खण उभे करावयाचे आहेत, त्यांना त्यांतून पुष्कळ घेण्यासारखें आहे, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

आमचे एक जुने स्नेही लातुरांत एकत्र कुटुंबांत राहतात. दोन भाऊ, त्यांच्या बायका, मुलें आणि ऐंशी वर्षांच्या मातोश्री असा त्यांचा परिवार आहे. वडिलोपार्जित शेत औशाच्या वाटेवर, शहरापासून दोन-अडीच कोसांवर. मातोश्रींचें लग्नानंतरचें पहिलें दशक त्याच शेतांतल्या कोठ्यांत गेलें. "एकदां तुरीला फुलोरा आला म्हणजे तेथें महिनाभर राहावें," हें त्यांचें मागणें गेलीं कित्येक वर्षें चाललें होतें. थोरल्या भावांनीं, म्हणजे आमच्या स्नेह्यांनीं, यंदां तें पुरविण्याचें मनावर घेतलें. दोन खोल्या, एक पडवी आणि स्नानगृह, एवढेंच बांधकाम. परंतु तें करण्यास वीज कोठून आणावयाची, यावर घरांत दोन तट पडले होते.

येथें कोणी विचारील कीं, दोन खोल्या बांधावयास वीज कशास हवी ? तर त्यास लातूर जिल्ह्यापुरतें तरी एक गंभीर कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या परिसरांत जो भूकंप झाला, त्यांत हजारों माणसें आपापल्या घरांतच गाडलीं गेलीं. दगड व माती यांच्या जाड भिंती आणि वर मातीच्या थरांनीं जड झालेलें माळवद, अशी तेथील जुनी बांधणी होती. उन्हाळ्यांत गारवा देणारें तेंच छप्पर त्या पहांटे काळ ठरलें. तेव्हांपासून या भागांतील पुष्कळ लोक शेतावर राहण्याजोगें कांहीं उभारतांना लोखंडी अँगल, चौकोनी पाइप आणि पत्रे यांची हलकी बांधणी पसंत करतात. अशा बांधणींत करवत-हातोड्यापेक्षां लोखंड कापण्याचा कटर, ग्राइंडर, ड्रिल आणि वेल्डिंग यांचेंच काम अधिक. आणि हीं सारीं हत्यारें विजेवर चालणारीं.

शेतावर वीज नव्हती असें नाहीं. परंतु शेतीच्या वाहिनीवरील थ्री फेज वीज ठराविक तास आणि पाळीनें मिळते. एका आठवड्यांत दिवसाची पाळी, तर दुसऱ्यांत रात्रीची. कारागिरानें रात्रीं दोन वाजतां पत्रे जोडावे हें शक्य नव्हतें. तेव्हां जनित्र, म्हणजे ज्यास सर्वत्र जनरेटर म्हणतात तें यंत्र, घेण्याचें ठरलें. केवढें घ्यावयाचें, एवढाच प्रश्न राहिला.

आमच्या स्नेह्यांचें म्हणणें असें कीं, एकदांच घ्यावयाचें तर मोठें घ्यावें. पंधरा केव्हीएचें डिझेलचें थ्री फेज यंत्र आणलें म्हणजे कटकट मिटली. त्यांनीं हिशेबहि मांडला होता. कटर २२०० वॅट, ग्राइंडर ८५०, ड्रिल ६००, वेल्डिंगचें यंत्र पूर्ण जोरावर ७०००, आणि घरांतील दिवे-पंख्यांपासून मिक्सरपर्यंत सर्व मिळून १६००. बेरीज बारा हजार वॅटांवर गेली. पुण्यास शिकत असलेल्या त्यांच्या पुतण्याचें म्हणणें याच्या अगदीं उलट. दोन केव्हीएचें, हातांत उचलून नेतां येण्याजोगें पेट्रोलचें यंत्र पुरे, असें तो म्हणे. आणि एका मित्राकडून तसें एक तो घेऊनहि आला होता. आम्हीं शेतावर गेलों त्या दिवशीं त्याची परीक्षा झाली. कटर लावतांच यंत्राचा आवाज बसला, दिवा मंदावला, आणि कटरचें चाक अँगलांत जेमतेम शिरून तेथेंच रुतलें. कारागिरानें समजूतदारपणें लगेच बटण बंद केलें. काका पुतण्याकडे पाहून हंसले. पुतण्या मात्र खालीं मान घालून उभा राहिला.

त्या दोघांचा वाद संपविला तो आमच्या वहिनींनीं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, आमच्याकडे मुंजीला पांचशें पानें होतात, म्हणून पांचशें पाट मांडतो कां आम्ही ? एका पंगतीला किती बसणार, तें पाहून पाट मांडतों." यंत्रशास्त्राचा एक शब्दहि न उच्चारतां वहिनींनीं या विषयाचें मर्म सांगितलें होतें, असें आम्हांस वाटतें. घरांत विजेचीं साधनें किती आहेत याची बेरीज करूं नये. एका वेळीं किती चालणार याची करावी.

तेव्हां आम्हीं कारागिरास जवळ बसवून विचारलें. काम करणारे दोघे, म्हणजे हात चार. जो लोखंड कापतो तो त्याच वेळीं वेल्डिंग करूं शकत नाहीं. दुसरा फार तर ड्रिल चालवील. म्हणजे सर्वांत मोठी पंगत ही, कटर २२०० आणि ड्रिल ६००, एखादा पंखा धरून २९०० वॅटांच्या आंत; किंवा मग एकटें वेल्डिंग. बारा हजारांचा डोंगर अशा रीतीनें तीन हजारांवर आला.

परंतु येथें थांबल्यास पुन्हां फसगत होते. कारण विजेच्या मोटारीस चालू राहण्यास जी शक्ति लागते, तीहून पुष्कळ अधिक सुरू होतांना लागते. बैलगाडी चालत असतां एक बैलहि तिला ओढतो, पण चिखलांत थांबलेली गाडी हालवावयाची तर दोन्ही बैलांस मान टाकावी लागते, तसेंच हें आहे. मोटारींच्या जाती दोन. ड्रिल, ग्राइंडर, कटर, मिक्सर यांत कार्बनचे ब्रश असलेली मोटार असते. ती सुरू होतांना क्षणभर दीडपट ते दुप्पट घेते. पाण्याचा पंप, शीतकपाट आणि हवा भरण्याचें कॉम्प्रेसर यांतील मोटार दुसऱ्या जातीची. ती तिपटीपासून सहापटीपर्यंत ओढ घेते. म्हणून २२०० वॅटांचा कटर क्षणभर चार हजारांच्या वर जातो, आणि पाणी चढविण्याचा अर्ध्या अश्वशक्तीचा साधा पंप, जो चालतांना सहाशें वॅट घेतो, तोहि सुरू होतांना अठराशेंपर्यंत जातो. पुतण्याच्या यंत्राचा पराभव झाला तो येथें.

अशा वेळीं यंत्रावर काय गुदरतें, हेंहि सांगितलें पाहिजे. आपल्याकडील वीज एका सेकंदास ५० आवर्तनांची आणि २३० व्होल्ट दाबाची. लहान पेट्रोल यंत्रें साधारणतः मिनिटास ३००० फेऱ्यांनीं फिरून ती देतात. भार सोसवेनासा झाला म्हणजे फेऱ्या कमी होतात आणि दाब उतरतो. दाब उतरला कीं, अडकलेली मोटार तोच जोर लावण्यासाठीं प्रवाह अधिक ओढते, आणि आंतल्या आंत तापून तिची वेटाळी जळते. यंत्र लहान घेतल्यानें नुसतें काम अडतें असें नाहीं. चांगलीं हत्यारें बळी जातात. यासाठीं एक सोपा नियम पाळावा : जड हत्यार आधीं सुरू करावें, तें पूर्ण वेगास आल्यावर मग हलकें लावावें.

आतां केव्हीए आणि किलोवॅट यांतील भेद. धार काढतांना चरवींत दूध असतें आणि वर फेसहि असतो. पोटांत जातें तें दूध; परंतु चरवी मात्र दोहोंस पुरेल एवढी घ्यावी लागते. किलोवॅट म्हणजे दूध आणि केव्हीए म्हणजे फेसासकट सारी चरवी. थ्री फेज यंत्रांवर बहुधा आठ-दशांश हें प्रमाण धरलेलें असतें. म्हणजे पांच केव्हीएच्या यंत्रापासून चार किलोवॅट कामाचे मिळतात. वेल्डिंगच्या लहान इन्व्हर्टर यंत्रांत हा फेस फार. शंभर अँपिअरवर साधी कांडी जाळतांना प्रत्यक्ष ठिणगीस अडीच किलोवॅटांच्या आंतच शक्ति लागते; यंत्रांतील तूट धरून ती तीनपर्यंत जाते; आणि जनित्रावरील ओझें मात्र सवाचार केव्हीएच्या आसपास पडतें. सात हजार वॅट हा आंकडा पूर्ण जोराचा. पत्र्याच्या कोठ्यास तेवढ्या जोराची गरजच नाहीं.

यावर आणखी दोन वजावटी कराव्या लागतात. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशें मीटरांहून अधिक उंचीवर आहे. हवा विरळ झाली कीं साध्या एंजिनाचा दम कमी होतो. शंभर मीटरांस सुमारें शेंकडा एक, असा ठोकताळा आहे. वैशाखांत तेथील पारा चाळिसांच्या पार जातो, त्याचे आणखी दोन-तीन टक्के. एकंदर शेंकडा दहा वजा धरणें शहाणपणाचें. पांच केव्हीएचें यंत्र लातुरांत साडेचार केव्हीएचें समजावें. आमची मोठी पंगत सवाचारांची. जागा बेताची, पण पुरेशी. तेव्हां पांच केव्हीए, सिंगल फेज, हा आंकडा ठरला. यंत्राच्या पट्टीवर दोन आंकडे असतात, एक कमाल आणि एक सततचा. हिशेबास नेहमीं सततचा घ्यावा. कमाल आंकडा हा पाहुण्यांपुढें काढलेल्या चांदीच्या ताटासारखा. रोजच्या जेवणाचा नव्हे.

आमच्या स्नेह्यांस हें सहजासहजीं पटेना. "पांचाच्या ठिकाणीं पंधरा असलें तर बिघडलें कोठें ?" असें ते म्हणाले. बिघडतें तें असें. पंधरा केव्हीएचें थ्री फेज यंत्र म्हणजे पांच-पांच केव्हीएच्या तीन शाखा. कटर, वेल्डिंग, पंखे हीं सारीं सिंगल फेजचीं साधनें. एका शाखेवर पांचांहून अधिक भार पडला कीं तें मोठें यंत्रहि कुरकुरूं लागतें. म्हणजे तिप्पट पैसे मोजून वेल्डिंगच्या वाट्यास पुन्हां पांचच आले ! विहिरीवरचा पांच अश्वशक्तीचा थ्री फेज पंप जनित्रावर चालवावयाचा असता, तर बारा ते पंधरा केव्हीए खरोखरच लागले असते. परंतु तो पंप विजेच्या पाळींत चालतोच. दुसरें, डिझेलचें मोठें यंत्र तासन् तास हलक्या भारावर चालविलें तर इंधन पुरतें जळत नाहीं; धुराड्यांत काजळी आणि काळें तेल सांचतें, आणि यंत्राचें आयुष्य घटतें. शिवाय चौथाई भारास चौथाई डिझेल पुरतें असेंहि नाहीं. तिसऱ्या हिश्शाहून अधिकच जळतें.

यानंतर वहिनींनीं दुसरा प्रश्न विचारला, आणि तो पहिल्याहून महत्त्वाचा होता. "हत्यारांचें झालें. पण सासूबाई तेथें रात्रीं निजणार. तें धडधडणारें यंत्र रात्रभर उशाशीं चालवावयाचें कां?" बांधकामाची गरज आणि राहण्याची गरज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हत्यारांस शक्ति फार, पण वेळ थोडा. घरास शक्ति थोडी, पण वेळ फार. एकाच यंत्रानें दोन्ही साधूं पाहणें म्हणजे पंगतीच्या पातेल्यांत दोघांचा चहा करणें होय. रात्रीं दोन पंखे आणि एक दिवा एवढेंच लागणार. जुन्या धर्तीचे पंखे असले तरी दीडशें-एकशेंसाठ वॅट. नव्या बीएलडीसी पंख्यांस प्रत्येकीं तीसच पुरतात, म्हणजे सारे मिळून सत्तर वॅटांच्या आंत. दहा तासांत पाऊण युनिटहि होत नाहीं. एवढ्यासाठीं पांच केव्हीएचें पेट्रोल यंत्र चालविलें, तर तें ताशीं पाऊण-एक लिटर पेट्रोल पिणारच. रात्रीचे हजार रुपयांच्या घरांत गेले. उलट १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी, एक लहान इन्व्हर्टर आणि छपरावर सूर्यप्रकाशाचा एक पत्रा, एवढ्यावर तीच रात्र निःशब्द निघते. मराठवाड्यास पावसानें पुष्कळदां दगा दिला. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आणावें लागलें, हें सर्वांच्या स्मरणांत आहे. ऊन मात्र तेथें वर्षाचे बहुतेक दिवस हात जोडून उभें असतें.

मग पांच केव्हीएचें यंत्र विकत तरी कशास घ्यावें ? मुंजीचीं पातेलीं आपण भाड्यानें आणतों. तसेंच सहा आठवड्यांसाठीं जनित्रहि भाड्यानें आणावें, असें ठरलें. आणि घर झाल्यावर एक पावसाळा तेथें राहून पाहावा, खरोखरच उणीव भासली तर पुतण्याच्या म्हणण्याप्रमाणें दोन केव्हीएचें लहान यंत्र घ्यावें. दिवे, पंखे, शीतकपाट आणि मिक्सर एवढ्यांस तें पुरेल; पाण्याची टांकी विजेच्या पाळींत भरून ठेवावी. काका आणि पुतण्या या दोघांचेंहि थोडें थोडें खरें ठरलें, हें आम्हांस बरें वाटलें.

दोरीची एक सूचना राहिली. जनित्र दूर ठेवून पन्नास मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर जाडीची बारीक वायर ओढली, तर दहा अँपिअरवर सुमारें अठरा व्होल्ट वाटेंतच गळतात. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर गळती सातांवर येते. यंत्रावर हजारों खर्च करून वायरींत शेंकड्यांची काटकसर करूं नये.

आणि वायर लांब हवीच, कारण जनित्र घराजवळ असतां कामा नये. याविषयीं आमच्याच घरची एक गोष्ट सांगणें आम्ही कर्तव्य समजतों, जरी ती सांगतांना आजहि मान खालीं जाते. कांहीं वर्षांपूर्वीं श्रावणांतील एका रात्रीं वीज गेली होती आणि पाऊस कोसळत होता. अंगणांतलें जनित्र भिजेल म्हणून तें पडवींत घ्यावयास आम्हींच सांगितलें. पडवीस तिन्ही बाजूंनीं पाऊस अडविण्यासाठीं ताडपत्री बांधलेली. घरांत तेरा माणसें निजलीं होतीं. मध्यरात्रीनंतर धाकट्या भावजयीचें तान्हें रडूं लागलें, म्हणून ती उठली. उठतांच तिचें डोकें गरगरलें आणि ती उंबऱ्याशीं बसली. तिनें हांक मारली, तेव्हां चौघांपैकीं एकच जण ओ देऊं शकला. त्यानें दार-खिडक्या सताड उघडल्या, यंत्र बंद केलें, म्हणून आज हा लेख लिहावयास आम्ही आहों. एंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं. तो रक्तांत प्राणवायूची जागा बळकावतो, आणि झोपलेल्यास जागें होण्याची संधिहि देत नाहीं. पाऊस असो वा थंडी असो, जनित्र घरांत, पडवींत, गोठ्यांत किंवा खिडकीखालीं कधींहि चालवूं नये. दारें-खिडक्यांपासून निदान वीस फूट दूर, धुराड्याचें तोंड घराकडून फिरवून, वर चारी बाजूंनीं मोकळें असें छप्पर घालून ठेवावें. आमच्या घरांत तेरा जीव एका तान्ह्याच्या रडण्यावर वांचले. प्रत्येक घरांत तें वेळेवर रडेलच असें नाहीं.

दुसरी सूचना परक्याच्या जिवाची. कित्येक ठिकाणीं जनित्राची वायर सरळ भिंतींतल्या सॉकेटांत खुपसून घर उजळतात. असें केल्यास ती वीज मुख्य तारेवर उलट जाते, डीपींतून तिचा दाब वाढतो, आणि वीज नाहीं असें समजून खांबावर चढलेल्या लाइनमनचा बळी जातो. एका वेळीं एकच वीज घरांत येऊं देणारा चेंजओव्हर स्विच जाणत्या माणसाकडून बसवून घ्यावा. जनित्रास जमिनीची अर्थिंग द्यावी. आणि तीस मिलिअँपिअरचा गळतीरक्षक स्विच लावावा. हा खर्च यंत्राच्या किंमतींतच धरावा, वेगळा मोजूं नये.

असो. अक्षय्यतृतीयेस त्या घराची वास्तुशांत झाली, तेव्हां आम्ही गेलों होतों. भाड्याचें जनित्र केव्हांच परत गेलें होतें. रात्रीं वस्तीची वीज गेली. पंखा फिरतच राहिला, आणि मातोश्रींस ती गेल्याचें कळलेंहि नाहीं. पडवींत बसून त्या नातवंडांस जुन्या कोठ्यांतील कंदिलाच्या गोष्टी सांगत होत्या. पुतण्यानें हळूच सांगितलें, "आजी, वीज गेली आहे." त्यांनीं वर दिव्याकडे पाहिलें, आणि म्हणाल्या, "मग हा कशावर जळतो रे ? तेल कोणी घातलें ?"

सूर्यनारायणानें, असें त्यानें उत्तर दिलें. यंत्र मोठें कीं लहान हा वाद त्या घरांत पुन्हां निघालेला नाहीं.